शहरी वस्तीतील मुले आणि युवक : करोल बागेचा अनुभव



स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला दिल्लीतील ज्या मोजक्या भागांची नावे दिल्लीला न जाताही ठाऊक असतात, त्यांत करोल बाग आणि त्याला लागून असलेले जुने राजेंद्रनगर यांचा क्रम वरचा आहे. शिकवणी वर्ग, जुन्या-नव्या पुस्तकांची दुकाने, भाड्याच्या अरुंद खोल्या आणि रात्री उशिरापर्यंत उघड्या राहणाऱ्या सशुल्क अभ्यासिका हे या परिसराचे सर्वपरिचित रूप. परंतु याच गल्ल्यांत त्याच वयाचा आणखी एक वर्ग राहतो. चहाच्या टपरीवर पेले विसळणारा, गफ्फार मार्केटमधील दुकानात मोबाइल उघडून बसलेला, रेगरपुऱ्यात चामड्याच्या कामावर वाकलेला किंवा अजमल खान मार्गावर हातगाडी लावणारा मुलगा, आणि घरातील धाकट्यांना सांभाळत घरीच मण्यांचे व जरीचे काम करणारी मुलगी. हा वर्ग परीक्षेच्या पुस्तकात ‘शहरी दारिद्र्य’ या प्रकरणात येतो आणि तेथेच राहतो.

२०११ च्या जनगणनेनुसार भारताच्या शहरी भागात सुमारे ३७ कोटी ७० लाख लोक राहत होते. त्यांपैकी सुमारे ६ कोटी ५५ लाख लोक झोपडपट्ट्यांत होते आणि त्यांत सहा वर्षांखालील बालकांची संख्या ८० लाखांहून अधिक होती. त्या जनगणनेतील सहा वर्षांचे मूल आज विशीत आहे. या काळात त्याच्यासाठी शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. सहा वर्षांपर्यंत त्याच्यासाठी अंगणवाडी होती, सहा ते चौदा या वयात शिक्षणहक्काचा कायदा होता, अठरा वर्षांपर्यंत बालन्याय कायद्याचे संरक्षण होते. मात्र मूल एकाच गल्लीत वाढते आणि योजना मात्र दर काही वर्षांनी खाते बदलतात. एका खात्याच्या नोंदवहीतून त्याचे नाव गळते, तेव्हा ते दुसऱ्या खात्याच्या वहीत चढतेच असे नाही. वस्तीतील मुलांसाठी चाललेल्या सामुदायिक कार्याचे मोल या फटीतच कळते आणि करोल बाग परिसराचा शंभर वर्षांचा इतिहास त्यासाठी तपासण्यासारखा आहे.

विस्थापितांची वस्ती

करोल बाग ही मुळातच उठवलेल्या माणसांची वस्ती. नव्या राजधानीच्या उभारणीसाठी माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार ही गावे हलविण्यात आली. आज जेथे कॅनॉट प्लेस आहे, त्या परिसरातील ही गावे. तेथील अनेक कुटुंबे १९२० च्या दशकात पश्चिमेकडील या भागात आली. राजस्थानातून आलेल्या रेगर समाजाच्या चर्मकामगारांचा रेगरपुरा येथेच वसला. पुढे फाळणीनंतर पश्चिम पंजाबातील निर्वासितांनी बाजारपेठ उभी केली आणि आजची करोल बाग घडली. त्यानंतरच्या काळात बिहार, उत्तर प्रदेश व बंगालमधून कारागीर येत राहिले. प्रत्येक लाटेबरोबर मुले आली. त्यांना शाळेत दाखल करण्यास कोणते दाखले लागतात, हे त्यांच्या पालकांना प्रत्येक वेळी नव्याने शिकावे लागले.

या इतिहासात एक अलीकडचा प्रसंगही जोडावा लागेल. करोल बागेच्या पश्चिमेला शादीपूरजवळ कठपुतळीकार, जादूगार, डोंबारी अशा कलावंतांची कठपुतली कॉलनी होती. त्याच जागी इमारती बांधून रहिवाशांना घरे देण्याचा प्रकल्प दिल्ली विकास प्राधिकरणाने २००९ मध्ये खासगी बांधकाम कंपनीकडे सोपविला. २८०० घरांची ही योजना होती. तात्पुरत्या निवाऱ्यासाठी आनंद पर्वत येथे संक्रमण शिबिर उभारण्यात आले आणि ऑक्टोबर २०१७ च्या अखेरीस मूळ वस्तीवर बुलडोझर फिरला. काही कुटुंबे आनंद पर्वतला, काही थेट नरेल्याला गेली. घराच्या बदल्यात घर, हा हिशेब कागदावर जुळतो. मुलाची शाळा, संध्याकाळची शिकवणी, ढोलक शिकविणारा शेजारी आणि त्याला नावाने ओळखणारी अंगणवाडीताई यांचा हिशेब मात्र कोणत्याच पुनर्वसन आराखड्यात मांडलेला नसतो.

सायंवर्गांपासून ‘तालीम-ओ-तरक्की’पर्यंत

अलिगढ येथे १९२० मध्ये स्थापन झालेली जामिया मिल्लिया इस्लामिया ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था १९२५ मध्ये करोल बागेत आली. हकीम अजमल खान यांचे तिब्बिया महाविद्यालय येथे आधीपासून होते. त्याचे उद्‌घाटन १९२१ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले होते. जामिया भाड्याच्या इमारतींत भरत असे आणि तिची आर्थिक अवस्था बेताचीच होती. जर्मनीत शिकून १९२६ मध्ये परतलेले डॉ. झाकीर हुसेन यांनी वयाच्या तिशीच्या आत संस्थेची सूत्रे हाती घेतली. त्यांच्या पहिल्या कामांत प्रौढांसाठी सायंवर्ग सुरू करणे हे एक काम होते. स्वतःच्या शिक्षकांच्या वेतनाची भ्रांत असलेल्या संस्थेने दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी दिवा लावावा, ही गोष्ट तेव्हाच्या अनेक हितचिंतकांनाही अव्यवहार्य वाटली असेल. पण वर्ग भरू लागले आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये या चळवळीला ‘इदारा-ए-तालीम-ओ-तरक्की’ असे संस्थात्मक रूप मिळाले.

या कार्याचे सूत्रधार शफीक-उर-रहमान किडवई. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये ते दिल्ली राज्याचे शिक्षणमंत्री झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. जुन्या दिल्लीच्या दाट मोहल्ल्यांत निघालेली ‘बालक-माता केंद्रे’ ही त्यांच्या विचाराची सर्वांत टिकाऊ खूण. मटिया महल, बेरीवाला बाग आणि करोल बागेच्या पूर्वेस सदर बाजाराकडील कसाबपुरा या ठिकाणच्या या केंद्रांत लहान मुलांना प्रारंभिक शिक्षण आणि स्त्रियांना शिवण-भरतकामासारखी कौशल्ये एकाच छपराखाली मिळत. केंद्राच्या नावात ‘बालक’ आणि ‘माता’ हे शब्द जोडीने येतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जी आई स्वतः केंद्रात येते, तिचे मूल शाळेतून सहजासहजी गळत नाही. पन्नास वर्षांनंतर नियोजनकारांनी हाच निष्कर्ष अहवालांतून मांडला.

करोल बागेतील जामियाच्या प्राथमिक शाळेची परंपराही येथे नोंदविली पाहिजे. अब्दुल गफ्फार मुधोळी या शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली या शाळेत मुलांची बँक, मुलांचे दुकान असे उपक्रम चालत आणि त्यांचा कारभार मुलेच पाहत. संस्था ओखल्याला हलविण्याचे ठरले, तेव्हा १ मार्च १९३५ रोजी नव्या वास्तूची कोनशिला सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून बसविण्यात आली. १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेनंतर मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद डॉ. झाकीर हुसेन यांच्याकडे आले. ‘वर्धा योजना’ म्हणून परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या या आराखड्यामागे करोल बागेतील दहा वर्षांचा अनुभव होता, ही गोष्ट सहसा पुस्तकात येत नाही.

नेमक्या याच काळात मुंबईतही समांतर प्रयोग चालू होता. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ पासून कामगार वस्त्यांत रात्रशाळा व वाचनालये चालविली होती. १९२६ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नागपाडा येथे ‘नेबरहूड हाउस’ स्थापन केले आणि क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक झाले. लंडनमधील टॉयन्बी हॉल (१८८४) आणि शिकागोतील हल हाउस (१८८९) यांच्या धर्तीवर कार्यकर्त्याने वस्तीतच राहावे, ही त्यामागची कल्पना. १९३६ मध्ये समाजकार्याचे उच्च शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था, म्हणजे आजची टाटा समाजविज्ञान संस्था, याच वास्तूत सुरू झाली. नागपाड्याच्या मैदानावर घडलेले बास्केटबॉलपटू हे या कामाचे आणखी एक फळ. वस्तीतील किशोरवयीन मुलगा भाषणासाठी थांबत नाही, चेंडूसाठी थांबतो, हे तेथील कार्यकर्त्यांनी फार लवकर ओळखले होते.

नियोजनाच्या चौकटीत

स्वातंत्र्योत्तर काळात ग्रामीण सामुदायिक विकास कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. शहरांसाठी तसाच विचार पहिल्यांदा झाला तो दिल्लीतच. १९५८ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या दिल्ली महापालिकेने फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नागरी सामुदायिक विकासाचा पथदर्शी प्रकल्प हाती घेतला. मोहल्ल्यातील कुटुंबांचे ‘विकास मंडळ’ हा त्याचा पाया होता. वस्तीने आपल्या अडचणी आपणच ओळखाव्यात, जमेल ते आपण करावे आणि उरलेले महापालिकेकडून करून घ्यावे, असे त्याचे सूत्र होते. या प्रकल्पाचे सल्लागार मार्शल क्लिनार्ड यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वावलंबनावर मोठा भर दिला आहे. तो वाचताना एक शंका मात्र राहतेच. गल्ली झाडणे, बालवाडी चालविणे हे रहिवाशांच्या हातचे असेल, पण जलवाहिनी व मलनिस्सारण त्यांनी वर्गणीतून उभारावे अशी अपेक्षा श्रीमंत वसाहतींकडून कोणी केली नव्हती.

ग्रामीण-नागरी संबंध समितीच्या शिफारशींच्या काळात, १९६६ मध्ये, केंद्र शासनाने निवडक शहरांत असे पथदर्शी प्रकल्प सुरू केले. त्यांतील हैदराबादचा १९६७ मधील प्रकल्प सर्वाधिक यशस्वी ठरला. बालवाड्या, शिवणवर्ग, युवक मंडळे असे त्याचे स्वरूप होते. पुढे युनिसेफच्या सहकार्याने १९८० च्या दशकात नागरी मूलभूत सेवा कार्यक्रम आला. त्याच्या केंद्रस्थानी माता व बालके होती. १९९० च्या सुमारास तो ‘गरिबांसाठी नागरी मूलभूत सेवा’ या नावाने विस्तारला आणि १ डिसेंबर १९९७ रोजी सुरू झालेल्या सुवर्णजयंती शहरी रोजगार योजनेत विलीन झाला. २०१३ मध्ये तिची जागा राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाने घेतली.

हा क्रम विद्यार्थ्यांनी सनावळीसह पाठ करावाच, परंतु त्यात काय निसटले तेही पाहावे. १९९७ नंतर शहरी दारिद्र्याच्या कार्यक्रमाचा गाभा स्वयंरोजगार, कर्ज आणि बचत गट असा झाला. हे आवश्यकच होते. मात्र वस्ती हा घटक मानून माता, मूल आणि युवक यांचा एकत्र विचार करणारी चौकट त्यातून विरळ होत गेली. मूल महिला व बालविकास खात्याकडे, शाळा शिक्षण खात्याकडे, कौशल्य तिसऱ्याकडे गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली, तेव्हा त्यांतील केवळ ४ प्रकल्प शहरी होते. पुढे विस्तार झाला, तरी शहरी अंगणवाडीची जुनी अडचण कायम राहिली. ती म्हणजे जागा. करोल बागेसारख्या ठिकाणी दुकानाच्या पायरीलाही भाडे पडते, तेथे अंगणवाडीला हवेशीर खोली मिळणे हे अनुदानाच्या दरावर अवलंबून राहते.

फलाटावरची मुले

करोल बागेपासून काही किलोमीटरवर नवी दिल्ली रेल्वे स्थानक आणि त्याला लागून पहाडगंज. घरातून पळून आलेले किंवा हरवलेले मूल प्रथम येथे उतरते आणि तेथून आसपासच्या बाजारपेठांत कामाला लागते. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’ या चित्रपटाच्या उत्पन्नातून १९८८ मध्ये सलाम बालक ट्रस्टची स्थापना झाली. पंचवीस मुले आणि रेल्वे पोलीस ठाण्याचा उघडा सज्जा, अशी दिल्लीतील त्याच्या कामाची सुरुवात होती. त्याच वर्षी जहांगीरपुरीतील आगीनंतर ‘प्रयास’ आणि पुढच्या वर्षी, १९८९ मध्ये, रीता पणिकर यांची ‘बटरफ्लाइज’ ही संस्था उभी राहिली. या सर्वांनी मुलाला आधी संस्थेत डांबण्याऐवजी कार्यकर्त्याला मुलाच्या जागी पाठविले. फलाट, मंदिराची पायरी, बाजाराचा कोपरा हीच त्यांची वर्गखोली झाली.

‘बटरफ्लाइज’ने २००१ मध्ये सुरू केलेला बालविकास खजिना हा उपक्रम विशेष उल्लेखनीय आहे. रस्त्यावर कमावणाऱ्या मुलाचे पैसे रात्रीतून चोरीला जातात म्हणून ते संध्याकाळीच चैनीत उडविले जातात, हे कार्यकर्त्यांच्या ध्यानी आले. मुलांनी मुलांसाठी चालविलेली ही बँक त्यावरचा उपाय होता. व्यवस्थापक मुलांनीच निवडायचे, खातेवही त्यांनीच लिहायची, प्रौढांनी साहाय्यापुरते राहायचे. जामियाच्या करोल बागेतील शाळेने पाऊणशे वर्षांपूर्वी हाच विश्वास मुलांवर टाकला होता. फरक एवढाच की तेथे बँक हा शिक्षणाचा प्रयोग होता, येथे ती दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची तजवीज होती.

सलाम बालक ट्रस्टच्या छत्राखाली वाढलेले तरुण २००६ पासून पर्यटकांना पहाडगंज व स्थानक परिसराची पायी सफर घडवू लागले. याच संस्थेत वाढलेला विकी रॉय पुढे छायाचित्रकार म्हणून देशाबाहेरही ओळखला गेला. अशा यशोगाथा वृत्तपत्रांना प्रिय असतात. त्यांच्या मागे वर्षानुवर्षे तोच सज्जा रोज उघडणारा कार्यकर्ता असतो. त्याचे मानधन प्रकल्पाच्या मुदतीशी बांधलेले असते आणि त्याच्याविषयी कोठे छापून येत नाही.

शासनानेही या कामातून शिकून आपली यंत्रणा घडविली आहे. मुंबईत १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झालेली १०९८ ही बालसाहाय्य दूरध्वनी सेवा देशभर पसरली आणि २०२३ मध्ये मिशन वात्सल्य अंतर्गत शासकीय यंत्रणेने ती आपल्याकडे घेऊन ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली. क्रमांक तोच राहिला. मात्र दूरध्वनी आल्यावर गल्लीत पोहोचणारा माणूस त्या गल्लीचा जाणकार असावा लागतो आणि स्वयंसेवी संस्थांचे मोल तेथे होते.

चौदा ते एकवीस

आता सर्वांत उपेक्षित वयोगटाकडे वळले पाहिजे. शिक्षणहक्क कायद्याची हमी चौदाव्या वर्षी संपते. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्व कामांवर बंदी घातली आणि चौदा ते अठरा वयोगटाला धोकादायक कामांपुरती बंदी घातली. मात्र शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या उद्योगात मदत करण्यास सूट ठेवली. रेगरपुऱ्यासारख्या गल्लीत, जेथे माळ्यावर कारखाना आणि खाली घर असते, तेथे कुटुंबाचा उद्योग कोठे संपतो आणि कंत्राटदाराचे काम कोठे सुरू होते, हे ठरविणे कोणत्याही निरीक्षकाला कठीण आहे. सुटका केलेल्या बालकामगारांचे पुनर्वसन कसे व्हावे, यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाच्या जुलै २००९ च्या निकालातून कृती आराखडा लागू झाला. त्यानुसार मालकाकडून प्रत्येक मुलामागे वीस हजार रुपये वसूल करण्याची तरतूद आहे. पण सुटका ही कारवाई असते, तर पुनर्वसन हे रोजचे काम असते. गावी परत पाठविलेले मूल सोळाव्या वर्षी, आता कायद्याने चालेल म्हणून, त्याच गल्लीत परत येते.

८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे करोल बागेच्या पूर्वेस राणी झाशी मार्गावरील अनाज मंडी भागात एका बहुमजली इमारतीला आग लागली. पिशव्या व इतर वस्तू बनविणारे कारखाने आणि कामगारांच्या झोपण्याच्या जागा तेथे एकत्र होत्या. ४३ जण मरण पावले. बहुतेक बिहारमधून आलेले कामगार होते आणि झोपेत असतानाच धुराने गुदमरले. हे युवक कोणत्याही वस्ती कार्यक्रमाच्या यादीत असणे अवघड होते, कारण त्यांचा पत्ता म्हणजे त्यांचा कारखाना होता. जो कार्यक्रम कुटुंब हा घटक धरतो, त्याला एकटा आलेला सतरा वर्षांचा कामगार दिसत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक त्रुटी आहे. २०१० च्या ‘सबला’ योजनेत अकरा ते अठरा वयाच्या मुलींचा समावेश होता. पुढे लक्ष्यगट बदलत गेला. पोषण २.० अंतर्गत किशोरवयीन मुलींची योजना चौदा ते अठरा वयासाठी असली, तरी ती आकांक्षी जिल्हे व ईशान्य भारतापुरती आहे. दिल्लीत एकही आकांक्षी जिल्हा नाही. म्हणजे आनंद पर्वतच्या संक्रमण शिबिरातील पंधरा वर्षांची मुलगी राजधानीत राहते म्हणून या योजनेबाहेर राहते. जिल्ह्याची सरासरी वस्तीचे दारिद्र्य कसे झाकते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

या वयोगटासाठी उपलब्ध असलेली साधने नगण्य नाहीत. १९६७ मध्ये मुंबईत वरळी येथे पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. २००० मध्ये या विद्यापीठांना ‘जनशिक्षण संस्थान’ हे नाव मिळाले आणि २०१८ मध्ये ती कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. १९८९ मधील राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने शाळा सुटलेल्यांना दहावी-बारावीचा मार्ग खुला केला. अडचण आहे ती संध्याकाळी सात ते दहा या वेळेची. काम सुटल्यावर मुक्त विद्यालयाचे पुस्तक उघडण्यासाठी प्रकाश, टेबल आणि शांतता कोठे मिळणार? करोल बाग परिसरात अभ्यासिका पुष्कळ आहेत, पण त्या मासिक शुल्कावर चालतात. २७ जुलै २०२४ रोजी जुन्या राजेंद्रनगरमधील एका शिकवणी संस्थेच्या तळघरात पाणी शिरून तीन उमेदवार मृत्यू पावले. ते तळघर वाहनतळ व साठवणुकीसाठी मंजूर होते आणि वापर अभ्यासिकेचा होता. शुल्क देऊ शकणाऱ्यालाही सुरक्षित जागा मिळत नसेल, तर न देऊ शकणाऱ्याचा प्रश्न कोणाच्या कार्यसूचीवर येणार?

मुंबईच्या रात्रशाळांनी यावर एक वाट दाखविली आहे. दिवसा भरणाऱ्या शाळांच्या इमारती त्या संध्याकाळी वापरतात. या व्यवस्थेतही कुरबुरी पुष्कळ आहेत. अठरा-वीस वर्षांचे विद्यार्थी लहान मुलांच्या बाकांवर अवघडून बसतात, प्रयोगशाळेला कुलूप असते, कामावरून थेट आलेल्यांच्या पोटात काही नसते. २००८ पासून ‘मासूम’ या संस्थेने रात्रशाळांत नेमके याच गोष्टींकडे लक्ष दिले. जेवण, पुस्तके, फिरती प्रयोगशाळा, साध्या वाटणाऱ्या या सोयी आहेत. करोल बागेतही महापालिकेच्या व राज्य शासनाच्या शाळा आहेत आणि दोन पाळ्यांत भरणारी शाळाही सायंकाळनंतर बंदच असते. ती उघडण्यासाठी नवी योजना लागत नाही. रखवालदाराचे वाढीव मानधन, विजेचे देयक, मुख्याध्यापकांवर पडणाऱ्या जबाबदारीचा लेखी उलगडा आणि रोज हजर राहणारा एक वस्तीतलाच कार्यकर्ता एवढ्या चार बाबींवर शिक्षण खाते, महापालिका आणि स्थानिक संस्था यांच्यात करार व्हावा लागतो. त्यांतील तिसऱ्या बाबीवर फाइल सर्वाधिक काळ थांबते, असा सर्वत्रचा अनुभव आहे.